एक्केचाळीस घरांच्या किल्ल्या

चंद्रभागाबाई देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगायची आणि मग तोंडात टाकायची. कुणी फुकट काही द्यायला लागलं की तिच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. मागच्या निवडणुकीत साड्या वाटायला आलेल्या बायांना तिनं दारातच अडवलं होतं. "कावून वाटायलात गं? तुमच्या घरी नेसणारं कुणी न्हाई का?" साडी तिनं ठेवून घेतली, ते सोडलं नाही. पण अंगाला लावली नाही. ह्या लोकांनी धाग्यात काय घातलंय कुणाला ठाऊक, असं तिचं म्हणणं.

आणि अशा बाईच्या हातावर टाकळखोरी गावानं आपल्या एक्केचाळीस घरांच्या किल्ल्या ठेवल्या होत्या.

टाकळखोरी पाटोद्याच्या पलीकडं, बालाघाटाच्या कड्यावर. साठ-पासष्ट उंबऱ्यांचं गाव. दिवाळीचे फटाके विझले न विझले तोच ट्रॅक्टर येतात आणि अर्ध्याहून जास्त गाव ट्रॉलीत भरून ऊसतोडीला नेतात. कोयते, भांडी, कोंबड्या, तान्ही लेकरं, सगळं एकावर एक. कुणी कराडकडं जातं, कुणी जयसिंगपूरला, कुणी थेट बेळगावच्या पट्ट्यात. पाडवा जवळ आला की माणसं काळवंडून परत येतात. मधले साडेचार-पाच महिने घराला कुलूप, आणि किल्ली आत्याकडं. चंद्रभागाबाईला लहानथोर सगळे आत्याच म्हणत.

तिनंही एकोणीस हंगाम ऊस तोडला होता. मग एकदा मोळ्यांनी भरलेल्या बैलगाडीचं चाक पायावरून गेलं आणि पाय कायमचा वाकडा झाला. तेव्हापासून ती गावात राहिली. नवरा आश्रुबा पुढं चार वर्षांत गेला. पोरगा बजरंग आणि सून वनमाला कोयता घेऊन जात राहिले. त्यांनी शेजारीच वेगळं घर बांधलं, त्याचीही किल्ली हिच्याकडंच. दर किल्लीला वेगळ्या कपड्याची चिंधी. दर आठ दिवसांनी ती लंगडत जायची, एकेक घर उघडायची, झाडून घ्यायची, देवापुढं दिवा लावायची, उंदरांनी काही नासलं का बघायची आणि कुलूप दोनदा ओढून परत फिरायची. बावीस वर्षांत कुणाची सुईसुद्धा इकडची तिकडं झाली नाही. एकदा तिचा सख्खा भाऊ पाहुणा आला आणि शेजारच्या रिकाम्या घरात निजतो म्हणाला, तर त्याला तिनं शेळ्यांजवळ बाज टाकून दिली.

आता ही बाई सगळ्यांवर संशय घ्यायची म्हटलं, पण एक जागा सुटली होती. ती म्हणजे पार्टी.

आश्रुबा तात्यासाहेबांच्या पार्टीचा माणूस. सतरंज्या उचलल्या, भिंती रंगवल्या, मोर्चात लाठी खाल्ली, आणि मरताना हाताला काय लागलं तर तात्यासाहेबांचा फोटो असलेलं एक घड्याळ, तेही बंद. पण घरात शिकवण पक्की. ती पार्टी म्हणजे चोरांची, कारखानदारांची, कंपन्यांच्या जीपमधून फिरणाऱ्यांची. आणि आपली पार्टी म्हणजे आपली. पंधरा वर्षं त्या दुसऱ्यांचं राज्य होतं तेव्हा आत्या ओट्यावर बसून एकेकाची सालपटं काढायची. रस्त्याला खड्डा पडला, त्यांनी खाल्लं. नळाला पाणी नाही, त्यांनी प्यालं. मग वारं फिरलं. वर तात्यासाहेबांची पार्टी आली आणि खाली टाकळखोरीत अमरसिंह सरपंच झाला. अमरसिंह म्हणजे आश्रुबाबरोबर मोर्चाला जाणाऱ्या अर्जुनरावांचा पोरगा, आत्याच्या डोळ्यांदेखत नाकाचा शेंबूड पुसत मोठा झालेला. आत्यानं पेढे वाटले. ओट्यावरची सालपटं काढणं बंद झालं. रस्त्यातले खड्डे तेच होते, पण आता आत्या म्हणायची, "करंल हळूहळू. आपला माणूस हाय."

आपला माणूस! ह्या दोन शब्दांनी जेवढी गावं खाल्ली तेवढी दुष्काळानं खाल्ली नसतील. दुसऱ्याच्या चोराला आपण लांबून ओळखतो आणि आपल्या चोराला चहा करून देतो. जाऊ द्या.

जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, अमरसिंह तिच्या ओट्यावर येऊन बसला. बरोबर एक चकचकीत बुटाचा माणूस, खांद्याला लॅपटॉपची पिशवी.

"आत्या, घरकुलाची यादी निघायलीय. लोक तिकडं उसात, अन् यादी महिनाअखेर बंद. कागद न्हाई लागले तर सगळ्यांची घरकुलं गेली बघ."

"मग फोन लाव की त्यान्ला."

"फोन लावून कागद येतेत का? आधारची झेरॉक्स प्रत्येकाच्या घरात असतीच. तू दार उघड, मी काढून घेतो. परत आणून ठेवतो."

चंद्रभागाबाईनं त्या बुटाच्या माणसाकडं बघितलं. "हा कोण?"

"यादीवाला साहेब हाय. वरून आलाय."

आत्याच्या मनात काहीतरी खटकलं. ते तिनं नंतर स्वतःच कबूल केलं. बूट लई महागाचे होते, यादीवाल्याला असले बूट कुठून? दुसऱ्या पार्टीचा सरपंच असता तर तिनं त्याला उठवून लावलं असतं. पण हा अमरसिंह होता, आणि माणसांची घरकुलं जायली होती. ती उठली, चिंध्यांचा जुडगा घेतला आणि दोन दिवसांत एक्केचाळीस घरं उघडली. कुणाची झेरॉक्स देवाच्या कोनाड्यात, कुणाची पत्र्याच्या पेटीत, कुणाची खुंटीला टांगलेल्या पिशवीत. कागद बाहेर निघाले. ते परत काही आले नाहीत, आणि "यादी मोठी हाय आत्या, टाइम लागतो" हे उत्तर तिनं दोनदा ऐकून घेतलं.

पाडव्याला माणसं परतली, आणि चौथ्या दिवशी गुरं घेऊन गायरानात गेलेला उत्तरेश्वर धापा टाकत माघारी आला. गायरानात पांढरे खुंट रोवले होते, एका बाजूनं तारेचं कुंपण चाललं होतं आणि राखणदार म्हणत होता की ही जागा आता सौरऊर्जेच्या कंपनीची, जनावरं आणाल तर कोंडवाड्यात घालू.

एकशे चाळीस एकराचं गायरान. जे उसाला जात नाहीत त्यांच्या शेळ्या तिथं, परत येणाऱ्यांची बैलं तिथं, सरपण तिथं, गावाचं मसणवटसुद्धा त्याच्याच एका कोपऱ्यात. ते गेलं तर टाकळखोरीकडं दगड उरतात.

सगळे ग्रामपंचायतीवर गेले. अमरसिंहानं शांतपणे फाईल काढली. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. ठराव एकमतानं मंजूर, गायरान कंपनीला भाड्यानं द्यायला गावाची हरकत नाही. हजर एकशे बारा. प्रत्येक नावापुढं सही नाहीतर अंगठा आणि मागं आधारची झेरॉक्स टाचलेली.

"बे, आमी तवा उसात होतो!" उत्तरेश्वर ओरडला.

"कशावरून?" अमरसिंह म्हणाला.

कशावरून? ऊसतोड्याचं नाव कारखान्याच्या कोणत्या वहीत असतं? कारखाना ओळखतो मुकादमाला आणि मुकादम होता अमरसिंहाचा मेहुणा. त्यानं कानावर हात ठेवले. माणसं पाच महिने दुसऱ्याच्या रानात राबून येतात, अंगाची साल निघते, आणि ती तिथं होती असा एक कागद ह्या अख्ख्या महाराष्ट्रात सापडत नाही. कुणी मोबाईलातले फोटो दाखवले. तर बुटाचा माणूस, तो आता उघड उघड कंपनीचा साहेब झाला होता, हसून म्हणाला, "ऊस काय, बीड जिल्ह्यातही असतो." ज्यांनी हा दिवस निवडला त्यांना हे सगळं ठाऊक होतं. सव्वीस जानेवारीला सभा घ्यायची असा कायदाच आहे, आणि सव्वीस जानेवारीला गाव रिकामं असतं हे वरच्या साहेबापासून खालच्या शिपायापर्यंत कोण जाणत नाही? झेंडा फडकवला, जिलेबी वाटली, गायरान विकलं.

मग गावात संशयाची साथ पसरली. झेरॉक्सा गेल्या कशा? कुणी म्हणालं रेशन दुकानातून. कुणी म्हणालं पोस्टातून. किल्ल्या आत्याकडं होत्या, पण तिच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. शेवटी सगळ्यांची बोटं वळली प्रणिताकडं. ती अंगणवाडीची ताई, लिंगायताची पोर, नवऱ्यामागं दोन मुलं एकटीनं वाढवणारी. तिच्याकडं प्रत्येक घराची आधारं होती, त्यामुळं मुद्देमाल सापडल्यासारखं लोकांना वाटलं. बायांनी लेकरं अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. तिला कामावरून काढा, असा अर्ज तयार झाला. आत्याही ओट्यावरून म्हणाली, "मला ती आधीपासूनच बरी वाटत न्हवती. लई गोड बोलती."

खरं सांगायचं तर ती तेव्हा मनापासून बोलत होती. घरकुलाची यादी वेगळी, ही ग्रामसभा वेगळी. तिच्या डोक्यात ह्या दोन गोष्टी दोन खोल्यांत होत्या.

त्या एका खोलीत आल्या उत्तरेश्वरामुळं. त्यानं माहितीच्या अधिकारात हजेरीच्या कागदांच्या नकला काढल्या आणि आत्याच्या ओट्यावर आणून पसरल्या. रंगीत नकला. त्याच्या स्वतःच्या झेरॉक्सच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. आत्या बघतच राहिली. तो कागद तिनं स्वतःच्या हातानं उत्तरेश्वराच्या देवाच्या कोनाड्यातून, कुंकवाच्या करंड्याखालून काढला होता, आणि ते बोट तिचंच होतं.

"काय झालं आत्या?"

"काय न्हाई. उन्हानं डोळं दुखायलेत."

पुढचे सहा दिवस चंद्रभागाबाईनं भाकरी गिळली ती पाण्याच्या घोटाबरोबर. लाज वाटत होती, आणि भीतीही. बावीस वर्षांत गावानं तिला एकच गोष्ट दिली होती, इमानाचं नाव, आणि ते आता तिच्याच तोंडून जाणार होतं. ती अमरसिंहाकडं गेली. त्यानं तिला खुर्ची दिली, आणि खुर्ची दिल्याबरोबर ती समजली. इतकी वर्षं त्यानं तिला खुर्ची कधी दिली नव्हती.

"आत्या, तू कशाला ह्याच्यात पडतीस? तू कुणाला काय दिलंयस? म्या तर कायच नेलं न्हाई. अन् लोकान्ला कळलं का तू घरं उघडलीस, तर तुझ्या तोंडाकडं कोण बघंल? पोरीवर आलंय, पोरीवर राहू दे. तिची दुसरीकडं सोय लावतो."

"तुझ्या बापानं आन् माझ्या मालकानं लाठ्या खाल्ल्या रं ह्या पार्टीसाठी."

"त्याच पार्टीचं काम हाय हे. वरून आलंय."

आधी यादीवाला वरून आला होता, आता कामही वरून आलं होतं. वर नेमकं कोण बसलंय हे टाकळखोरीला कधी कळत नाही. आत्या घरी आली, आश्रुबाचं ते बंद घड्याळ काढलं आणि चुलीत घातलं. प्लॅस्टिक होतं, लई घाण वास सुटला.

तक्रारी वर गेल्या होत्या म्हणून मे महिन्यात चौकशीला एक साहेब आले. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. बंदोबस्ताला ठाण्याचे एक जमादार. अमरसिंह आणि कंपनीचा साहेब पहिल्या ओळीत, प्रणिता एका खांबाला टेकून, रडून रडून डोळे सुजलेले. साहेबांनी माणसं एकेक करून ऐकली. प्रत्येकजण म्हणे आम्ही नव्हतो, आणि प्रत्येकाला साहेब विचारत, पुरावा? दोन तासांत त्यांनी पेनाचं टोपण लावायला घेतलं.

चंद्रभागाबाई उठली. उठायलाच तिला वेळ लागला.

"साहेब, पोरीचा काय गुन्हा न्हाई. कागद म्या दिलेत."

तिनं सगळं सांगितलं. घरकुलाची यादी, महागाचे बूट, दोन दिवस, एक्केचाळीस कुलपं. सांगताना तिनं कुणाकडं बघितलं नाही. तिला मागून वनमालेचा आवाज आला, "अगं आई गं."

अमरसिंह ताडकन उभा राहिला. त्याला वाटलं, म्हातारीनं आयता सुरा हातात दिला. "ऐकलं का साहेब? कबूल झाली! म्या हिला कधी काय मागितलं न्हाई. बंद घरं फोडून हिनंच कागद चोरले, आन् कुणाला विकले ते हिलाच माहीत. जमादारसाहेब, चोरीचा गुन्हा घ्या हिच्यावर. उत्तरेश्वर, उठ बे! तुझं घर उघडलं हिनं. दे तक्रार!"

उत्तरेश्वराच्या डोळ्यांत खरोखर रक्त उतरलं होतं. इतके दिवस आपल्यासमोर बसून ही गप राहिली, हे त्याला झोंबलं होतं. तो पुढं आला. "देतो. लिवा."

आत्या अमरसिंहाकडं टक लावून बघत होती. आयुष्यभराचा संशयी स्वभाव, तो काही एका दिवसात मरत नाही. हा मला चोर करायला इतका उतावळा कावून झालाय? मी चोर, तर घर बंद पायजे. आणि घर बंद, तर...

जमादारांनी कागद पुढं ओढला. सरळ माणूस होता, रोजच्या सवयीनं विचारत गेला. "नाव? बरं. चोरी कोणत्या तारखेला?"

"एकवीस-बावीस जानेवारी," आत्याच म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिवा."

"घराला कुलूप होतं?"

"होतं," उत्तरेश्वर म्हणाला.

"घरमालक त्या वेळेस कुठं होता?"

"जयसिंगपूरला. फडात. दिवाळीला गेलतो ते पाडव्याला आलो."

जमादार लिहीत होते. कंपनीच्या साहेबाचा चेहरा सगळ्यांत आधी उतरला. त्यानं अमरसिंहाची बाही धरून खाली ओढली आणि कानात काहीतरी सांगितलं. अमरसिंहानं एकदा कागदाकडं बघितलं, एकदा चौकशीच्या साहेबांकडं. साहेबांनी पेनाचं टोपण परत काढलं होतं.

"राहू द्या, जमादारसाहेब," अमरसिंह हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "म्हातारं माणूस हाय. चुकलं असंल. गावची आत्या हाय आमची, माफ करून टाकू."

"माफी कुणी मागितली तुला?" चंद्रभागाबाईचा आवाज असा चढला की बाहेर झाडाखालची शेळी उठून उभी राहिली. "मला माफी नगं. मला गुन्हा पायजे. उत्तरेश्वरा, मागं सरलास तर बघ! साहेब, लिवा, चंद्रभागाबाई आश्रुबा, राहणार टाकळखोरी, हिनं बंद घरातून कागद काढले. माणूस फडात होता, घराला कुलूप होतं, आन् कागद सरपंचाला दिले. एक शब्द सोडू नगा."

मग उत्तरेश्वराच्या ध्यानात आलं, आपण फडात होतो असा कागद तो हाच. त्यानं पेन घेतलं आणि खाली सही केली.

त्याच्यामागं दुसरा उठला. "माझंबी घर उघडलं हिनं. मी बेळगावला होतो." मग तिसरा. मग एक बाई, कडेवर लेकरू. व्हरांड्यात रांग लागली. जमादारांचे कागद संपले, शाळेतल्या वह्यांची पानं फाडून आणली. एकेकजण टेबलाजवळ यायचा आणि म्हणायचा, चंद्रभागाबाईनं माझं कुलूप काढलं, मी तेव्हा कराडला होतो, मी तेव्हा माळशिरसला होतो, माझं माणूस आणि मी दोघं फडात होतो. प्रणिता खांब सोडून टेबलापाशी आली आणि अंगठा उठवणाऱ्यांना शाईचा पॅड धरून द्यायला लागली. अमरसिंह कुणाकुणाला हाताला धरून बाजूला घेत होता, ते हात सोडवून रांगेत येत होते.

चंद्रभागाबाई भिंतीला टेकून बसली होती. गायरान वाचणार, एवढं तिला कळलं होतं. पण येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड ती न्याहाळत होती. कोण गावासाठी बोलतंय आणि कोण खरंच तिला चोर म्हणतंय? काहीजण जाता जाता तिच्या खांद्याला हात लावून गेले. काहींनी मान वळवली. दोघीतिघी तर थुंकल्या, आणि ते नाटक होतं की खरं, हे तिला, जन्मभर माणसं पारखणाऱ्या बाईला, सांगता येईना.

चाळीस झाले. एक राहिला.

बजरंग उठला. टेबलापाशी जाऊन त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं. जमादारांनी विचारलं, "घर कुणी उघडलं?"

"आईनं," तो म्हणाला.

"तुम्ही कुठं होतात?"

"फडात."

त्यानं सही केली, पेन टेबलावर ठेवलं आणि आईच्या समोरून, तिच्याकडं न बघता, पायऱ्या उतरून निघून गेला.